रिकामा खण काय सांगतो?



या पंधरवड्यातील पत्र दूरवरून आले आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात गेली चाळीस वर्षे वास्तव्यास असलेल्या एका भगिनींनी ते लिहिले आहे. त्यांच्या यजमानांचे वय ७३. निवृत्त झाल्यावर त्यांनी मासेमारीसाठी एक ‘बास बोट’ घेतली. आठवड्यातील दोन सकाळी ते एका मित्रासह जवळच्या जलाशयावर जातात. गेल्या वसंत ऋतूत डेकवर पडून राहिलेल्या गळांच्या डब्यावर त्यांचा पाय पडला, तोल गेला आणि मनगटाचे हाड मोडले. हाड आता जुळले आहे. परंतु मुलाचा आग्रह आहे की, ‘‘बाबा, नाव विकून टाकू.’’ यजमान काहीच बोलत नाहीत. पत्राच्या अखेरीस त्या विचारतात, ‘‘हे दोघेही माझेच. मी कोणाच्या बाजूने बोलावे?’’

बाजू घेण्यापूर्वी, ताई, आपण त्या डेककडे एकदा नीट पाहू. यजमान घसरले ते जागा सोडून पडलेल्या एका डब्यामुळे. तेव्हा पहिला प्रश्न असा की, तो डबा तेथे का पडून होता?

ज्या वाचकांनी ही नाव पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बास हा गोड्या पाण्यातील चपळ, झुंजार मासा. रे स्कॉट नावाच्या विमा विक्रेत्याने १९६७ मध्ये आर्कान्सासमधील बीव्हर लेक येथे बासच्या मासेमारीची स्पर्धा भरवली, पुढच्याच वर्षी या छंदाची संघटना स्थापन केली आणि पकडलेला मासा जिवंत सोडून देण्याची प्रथाही रुजवली. या खेळासाठीची नाव बुटकी व सपाट असते. पुढे आणि मागे उभे राहून गळ फेकण्यासाठी उंच डेक, आणि सगळे सामान त्या डेकखालील कोठ्यांत. कोठीचे झाकण म्हणजे पायाखालची जमीनच.

सामानही थोडेथोडके नसते. मऊ प्लास्टिकची गांडुळे, लाकडी वा प्लास्टिकचे खोटे मासे, शिशाच्या डोक्याचे गळ. पाणी, ऊन आणि ऋतू पाहून आमिष बदलावे लागते. ही आमिषे पारदर्शक, चपट्या डब्यांत ठेवतात. ‘३७००’ या क्रमांकाने ओळखला जाणारा प्रचलित डबा साधारण ३५ सें.मी. लांब, २३ सें.मी. रुंद आणि ५ सें.मी. जाड असतो. असे दहा-बारा डबे कोठीत एकावर एक रचलेले असतात आणि हवा असलेला डबा बहुधा तळाशी असतो!

आता शरीराच्या बाजूने विचार करा. डोलत्या नावेवर कंबरेतून वाकायचे, एका हाताने झाकण धरायचे, दुसऱ्या हाताने रास उपसायची. १४ ग्रॅमची शंभर शिशाची वजने म्हणजे जवळजवळ दीड किलो; हे वजन शरीरापासून दूर धरून उचलले की कंबरेवरील ताण कितीतरी वाढतो. त्यानंतर एकदम उभे राहायचे. उतारवयात, विशेषतः रक्तदाबाची वा लघवी वाढवणारी औषधे चालू असताना, उभे राहताच रक्तदाब खाली येऊ शकतो. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर वैद्यकशास्त्र त्याची दखल घेते. डोळ्यांपुढे अंधारी येण्यास तेवढे पुरते. हा सारा खटाटोप दर अर्ध्या तासाने कोण करील? म्हणून काढलेला डबा मनुष्य परत ठेवत नाही. ‘लागेलच पुन्हा’ म्हणून पायाशी ठेवतो. ज्याला आपण निष्काळजीपणा म्हणतो, ते पुष्कळदा दुखऱ्या गुडघ्यांनी शोधलेले उत्तर असते.

यावर उपाय साधा आहे. डबे रचू नयेत. पुस्तकांप्रमाणे उभे लावावेत. त्यासाठी कोठीच्या मापाची मांडणी करून घ्यावी. जुन्या स्वयंपाकघरात ताटे उभी राहत, तशीच ही.

माप असे धरावे. प्रत्येक खण साडेपाच सें.मी. रुंद, म्हणजे डबा अडकणार नाही आणि खडखडणारही नाही. मधल्या पट्ट्या सहा मि.मी. व बाहेरच्या दोन भिंती १२ मि.मी. जाडीच्या धरल्या, तर आठ डब्यांच्या मांडणीची रुंदी सुमारे ५१ सें.मी. होते. पट्ट्यांची उंची १५ सें.मी. पुरे, डब्याचा वरचा आठ सें.मी. भाग मोकळा राहतो आणि हाताला पकड मिळते. डबा उभा ठेवताना कडी वर असावी. मात्र बारीक गळ व वजने पट्ट्यांखालून एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकतात. त्यांचा डबा आडवाच ठेवावा. कापण्यापूर्वी आपले डबे स्वतः मोजावेत, कारण बनावटीनुसार माप थोडे बदलते.

साहित्य म्हणून पाणी न शोषणारा जाड एचडीपीई प्लास्टिकचा पत्रा उत्तम. सागरी प्लायवूड वापरल्यास कापलेल्या कडांना इपॉक्सीचा लेप हवा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. नाव अ‍ॅल्युमिनियमची असेल, तर वाळवी-कुजीपासून संरक्षणासाठी तांब्याचे रसायन मुरवलेले लाकूड टाळावे; ओलाव्यात त्याने अ‍ॅल्युमिनियम झिजते. तळाला पाणी निथळण्यासाठी छिद्रे व रबराची चटई असावी. नावेच्या तळात वा बाजूंत छिद्र पाडू नये. तेथे तारा आणि इंधनाच्या नळ्या असू शकतात. मांडणी कोठीत घट्ट बसेल अशी करावी आणि वरून बकल असलेला पट्टा आवळावा. वेगाने धावणाऱ्या नावेत सुटलेला डबा दगडासारखा आदळतो.

ताई, आपल्या घरासाठी यापेक्षा महत्त्वाची आहे ती दुसरी, छोटी मांडणी. चारच खणांची, सुमारे २६ सें.मी. रुंदीची. ती कोठीत नको. यजमान ज्या आसनावर बसतात त्याच्या शेजारी, बसल्या जागी हात पोहोचेल अशी हवी. निघण्यापूर्वी घरीच त्या दिवसाचे चार डबे निवडून तिच्यात लावावेत. आमिष बदलणे बसूनच व्हावे. वाकणे, उठणे, कोठी उघडणे शक्यतो दिवसातून एकदाच. जाण्यायेण्याची वाट मात्र तिने अडता कामा नये.

थोड्या गोष्टी हातांसाठी आणि डोळ्यांसाठी. प्रत्येक डब्याला जाड दोरीचा फास बांधावा. चिमटीने ओढण्याऐवजी चार बोटे त्यात घालून ओढता येते, आणि अंगठ्याचा सांधा दुखत असेल तर हा फरक त्याच दिवशी जाणवतो. नावे गडद पट्टीवर पांढऱ्या, किमान अडीच सें.मी. उंचीच्या अक्षरांत लिहावीत. चष्मा पाण्याच्या तुषारांनी धूसर झाला तरी ती वाचता येतात. मऊ प्लास्टिकची आमिषे त्यांच्या मूळ पिशवीतच ठेवावीत, नाहीतर त्यांतील द्रव्याने शेजारची आमिषे आणि डबाही विरघळू लागतो. ओले गळ वाळवूनच डबा बंद करावा. शिशाला हात लावल्यावर, काही खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

चारपैकी एक खण लाल रंगाचा असू द्या. त्यात जखम बांधण्याची पट्टी, गळ कापता येईल अशी मजबूत पक्कड आणि चालू औषधांची यादी जलरोधक पिशवीत ठेवावी. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांच्या जखमेतून रक्त अधिक वेळ वाहते. स्वच्छ कापड दाबून धरावे. गळ डोळ्यात रुतला तर तो स्वतः काढण्याचा प्रयत्न करू नये, थेट रुग्णालय गाठावे. धनुर्वाताची लस केव्हा घेतली तेही त्या यादीत लिहून ठेवावे.

आता मांडणीचा खरा गुण सांगतो. रास कधी बोलत नाही; बारापैकी एक डबा कमी असला तरी ती रासच दिसते. मांडणीतील रिकामा खण मात्र लगेच डोळ्यांत भरतो. खण रिकामा म्हणजे एक डबा डेकवर कोठेतरी आहे. उठण्यापूर्वी एकच नियम पाळावा: आधी खण पाहायचे, मग पाय टाकायचा. विसराळूपणा वाढत चाललेल्या वयात शेजारचा खणच आठवण करून देतो.

मांडणीच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. उभ्याने पडून मनगट मोडले असेल, तर हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी. हाडांचा ठिसूळपणा पुरुषांनाही होतो. घरी एक चाचणी करून पाहा: खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. याला १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर नावेवर जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तरंगते जाकीट अंगात हवे, आसनाखाली नको. इंजिन बंद करणारी दोरी चालकाने अंगाला अडकवलेली असावी; अमेरिकेत २६ फुटांपेक्षा लहान अशा बहुतेक मोटरनौकांसाठी १ एप्रिल २०२१ पासून तसा नियमच आहे. एकट्याने जाऊ नये. या तपासण्यांत तोल खरोखर ढासळलेला आढळला, तर किनाऱ्यावर खुर्ची टाकूनही गळ टाकता येतो, आणि चार खणांची मांडणी तेथेही उपयोगी पडेल.

ताई, आपला प्रश्न मी विसरलेलो नाही. मुलाची भीती खरी आहे. वडिलांचे मौनही खरे आहे. पहाटे उठून जाण्यासारखे एक ठिकाण असणे, हे या वयातील लहान धन नव्हे. ते काढून घेतल्यावर माणूस सुरक्षित राहीलच असे नाही. तो घरात बसतो, स्नायू झिजतात, आणि मग घरातल्या घरात पडतो. म्हणून आज कोणाचीच बाजू घेऊ नका. मुलाच्या हाती मोजपट्टी द्या आणि यजमानांना नावेतील त्यांच्या आसनावर बसवा. त्यांचा हात कोठवर सहज पोहोचतो, ते मुलाने मोजून घ्यावे. खणांच्या पट्ट्या दोघांनी मिळून कापाव्यात. नाव विकावी की ठेवावी, हे मांडणी बसल्यावर आणि तपासण्यांचे निष्कर्ष हाती आल्यावर ठरवता येईल. आणि तेव्हा यजमान गप्प राहणार नाहीत, असे मला वाटते.