कपाटातली वही बाहेर काढा

तुमच्या गावाच्या नावाची एक वही आहे. ग्रामपंचायतीच्या कपाटात ती असायला हवी, कारण २००२चा जैविक विविधता कायदा आणि त्याखालचे नियम तसं सांगतात. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी, आणि तिनं गावकऱ्यांशी बोलून लोक जैवविविधता नोंदवही भरायला हवी. रानात काय आहे, ओढ्यात काय आहे, त्याला गावात काय म्हणतात, पूर्वी किती होतं आणि आता किती उरलंय, हे सगळं त्या वहीत यायला हवं.

वर्षानुवर्षं हे काम रखडलं. मग राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातली, चुकणाऱ्या राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरायला लावायचं ठरवलं, आणि देशभर वह्यांचे ढीग उभे राहिले. घाईत भरलेल्या अशा वह्यांची पानं चाळून पाहा. पूर्वीची स्थिती : भरपूर. सध्याची स्थिती : कमी. खालच्या ओळीत तेच, त्याच्या खालीही तेच. कुणी पाहिलं, कुठे पाहिलं, कोणत्या महिन्यात, काही पत्ता नाही. शेजारच्या गावाची यादी उतरवून काढली तरी कुणाला कळू नये, इतक्या त्या एकसारख्या आहेत.

हा निव्वळ कागदी ढिसाळपणा समजून सोडून देऊ नका. उद्या गावात खाण येते, रस्ता येतो, माळावर एखादा प्रकल्प येतो, तेव्हा पहिला प्रश्न असतो : इथं काय आहे? वही कोरी असेल तर उत्तर ठरलेलं. नोंद नाही, म्हणजे प्राणीच नाही! आपल्या माळरानांचं हेच झालं. सातबाऱ्यावर पडीक, पोटखराबा. त्या पोटखराब्यात लांडगा पिल्लं घालतो, धाविक उन्हाळ्यात अंडी घालतो, खोकड बीळ करते, पण महसुली दप्तरात त्यांच्यासाठी रकाना नाही.

मोजणीनं काय होतं, ते गिधाडांनी दाखवून दिलं आहे. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षिशास्त्रज्ञ विभु प्रकाश यांनी १९८०च्या दशकात गिधाडं आणि त्यांची घरटी मोजून ठेवली होती. त्या वेळी तो आटापिटा अनेकांना फुकटचा वाटला असेल, कारण आभाळात गिधाडांची काय कमी होती? दहा-बारा वर्षांनी त्यांनी पुन्हा मोजलं, तेव्हा आकडे कोसळलेले होते. पुढे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ज्या रस्त्यांवरून पाहणी झाली होती, त्याच रस्त्यांवरून पुन्हा गाड्या फिरल्या आणि संकट देशभराचं असल्याचं सिद्ध झालं. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचलेल्या गुरांचं, ती मेल्यावर खाल्लेलं मांस गिधाडांच्या मूत्रपिंडांवर उठत होतं. २००४ साली हे कारण जगासमोर आलं, २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. जुनी मोजणी हाताशी नसती तर आपण आजही पारावर बसून म्हणत राहिलो असतो, ‘हल्ली गिधाडं दिसत नाहीत बुवा.’ तेवढ्यावर कोणतं सरकार कोणतं औषध बंद करतं?

आणि खोटी नोंद काय करते, ते आपल्या खानदेशानं पाहिलं. रानपिंगळा हे छोटं घुबड दिवसाढवळ्या वावरणारं. १८८४ साली त्याचा शेवटचा खरा नमुना गोळा झाला. त्यानंतर रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं संग्रहालयातलाच एक जुना नमुना चोरला आणि १९१४ साली गुजरातेत आपणच तो मिळवल्याची चिठ्ठी त्याला डकवली. शोधणाऱ्यांची दिशा त्या एका चिठ्ठीनं चुकवली. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडी पाडली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणांकडे मोर्चा वळवला, आणि नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला रानपिंगळा समोरच्या फांदीवर बसलेला सापडला. तब्बल ११३ वर्षं जगाच्या लेखी तो बेपत्ता होता. त्या रानात राहणाऱ्या माणसांना कुणी नीट विचारलं असतं तर?

आजचं चित्र पाहा. वाघाचे पट्टे कॅमेऱ्यानं टिपून दर चार वर्षांनी मोजणी होते. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ होते, हे आपण छातीठोकपणे सांगतो. ते चांगलंच आहे. पण खवले मांजर किती? मसण्याऊद किती? ओढ्यातला मळ्या मासा कुठवर उरलाय? ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या २०२३च्या अहवालात ९४२ जातींच्या पक्ष्यांचा आढावा घेतला गेला. त्यातल्या फक्त ३३८ जातींबद्दल दीर्घकालीन कल सांगता आला, आणि त्यातल्या २०४ घटत चालल्या आहेत. उरलेल्या सहाशेंच्या बाबतीत तेवढ्या जुन्या आणि पुरेशा नोंदीच नाहीत. आणि पक्षी तर सर्वांत जास्त पाहिले जाणारे जीव! बेडूक, मासे, कोळी, चतुर यांची काय कथा? लक्षात घ्या, या अहवालाला आधार मिळाला तो सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांच्या ई-बर्ड या संकेतस्थळावरच्या नोंदींचा. त्यात शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, निवृत्त माणसं आहेत. सुट्टीच्या दिवशी दुर्बीण गळ्यात अडकवून निघणाऱ्यांनी हे उभं केलं.

मग आपल्या गावात कोण आहे? लांडग्याची वाट धनगराइतकी कुणाला ठाऊक नाही. नदीत कोणता मासा जाळ्यात यायचा थांबला आणि कोणत्या पुरानंतर, हे भोई सांगेल. कोणती रानभाजी आता दोन डोंगर पलीकडे जाऊन आणावी लागते, हे आदिवासी बायांना विचारा. ही माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याजवळ बसून लिहून घ्यायला दहा वर्षांनंतरचा मुहूर्त उपयोगाचा नाही. शाळेतल्या पोरांना वही-पेन द्या आणि आजोबांसमोर बसवा.

लिहिताना एवढं सांभाळा. तारीख, नेमकी जागा आणि पाहणाऱ्याचं नाव हवंच. गावातलं नाव आधी लिहा, शास्त्रीय नाव जाणकार नंतर भरतील. ओळख पटली नाही तर अंदाज ठोकून देऊ नका, ‘ओळख पटली नाही’ असंच लिहा आणि फोटो जोडा. त्याच ओढ्यावर, त्याच महिन्यात, दरवर्षी जा. गेलात आणि काहीच दिसलं नाही, तर तेही लिहा, कारण घट कळते ती अशाच रिकाम्या फेऱ्यांतून. आणि खवले मांजराचं बीळ, गरुडाचं घरटं यांचा ठावठिकाणा व्हॉट्सॲपवर चुकूनही टाकू नका. शिकारीही ते वाचतात.

महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. त्यातली एक तुमची. उद्याच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे जा आणि वही बघायला मागा. समितीत कोण कोण आहे, त्यांची नावं विचारा. आपण समितीवर आहोत हेच एखाद्या सदस्याला माहीत नसेल, तर त्यालाच सोबत घ्या. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ही वही आणा आणि सभेत पान न्‌ पान मोठ्यानं वाचा. म्हाताऱ्या माणसांना पुढे बसवा. जी नोंद चूक आहे ती तिथंच खोडा, जी राहिली आहे ती भरा, ठराव करा, आणि दुरुस्त वहीची प्रत नागपूरला राज्य जैवविविधता मंडळाकडे पाठवून पोच घ्या.