बेसवाल्याला आधी वगळू नका

सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या गाण्यांच्या कार्यक्रमाला आता वादक लागेनासे झालेत. लॅपटॉपवरचा कराओके ट्रॅक पुरतो. जिथे अजून वादक बोलावतात, तिथेही खर्चाला कात्री लागली की पहिला गळतो तो बेस गिटारवाला. ‘कीबोर्डवाला डाव्या हाताने सांभाळून घेईल, बेस ऐकू कुणाला येतो?’ कॉलेजपासून हौसेने बेस वाजवतोय, आणि हे वाक्य ऐकलं की आजही जीव तुटतो.

ऐकू येत नाही, कारण आपण गाणी मोबाइलवर ऐकतो. बेसच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा सूर साधारण 41 हर्ट्झचा. एवढ्याशा स्पीकरमधून तो जवळजवळ निघतच नाही. हॉलमध्ये मात्र तोच सूर खुर्चीतून अंगात उतरतो आणि गाणाऱ्याच्या पायाखाली जमीन देतो.

गेल्या वर्षी आमच्याकडे एका काकूंनी अंतरा एक आवर्तन आधीच उचलला. ड्रमरने माझ्याकडे पाहिलं. मी चालू ओळ सोडून अंतऱ्याच्या पहिल्या कॉर्डचा मूळ सूर धरला, तसे कीबोर्ड आणि गिटार मागोमाग आले. काकू निर्धास्त गात राहिल्या, समोर कुणाला काही कळलंही नाही. ट्रॅक असता तर तो आपल्या वाटेने पुढे गेला असता आणि काकू माइक धरून गोंधळून उभ्या राहिल्या असत्या.

यासाठी रोज हात चालवावा लागतो. डोंबिवलीत परतून जेवणं उरकली की मी हेडफोन लावून बसतो. मेट्रोनोमची टिकटिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरायची, पहिली आणि तिसरी मनात मोजायची. सगळ्यात जास्त वेळ जातो तो सूर थांबवण्यावर. डाव्या हाताचं बोट तार न सोडता नुसतं सैल करायचं. क्षणभर उशीर झाला तरी पुढचा ठोका गढूळ होतो. उठण्याआधी जुन्या सुती फडक्याने एकेक तार खालून-वरून पुसायची, नाहीतर आपल्या दमट हवेत ती लगेच गंजते.

एवढं करूनही बेसवाल्याचं नाव मागेच राहतं. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत जेम्स जेमरसनचा बेस आहे. उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरून तो वाजवायचा. तरी रेकॉर्डवर त्याचं नाव छापलं जायला 1971 उजाडलं, मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’पर्यंत. आपल्याकडे आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवत. त्या गाण्यांवर जीव टाकणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत आहे?

म्हणून मंडळांच्या कार्यकर्त्यांना सांगणं आहे. पैसे कमी असतील तर रोषणाई कमी करा, एलईडी पडदा नको म्हणा, पण वाजवणारी माणसं ठेवा आणि त्यांत बेसवाला ठेवा. गावोगावी माझ्यासारखे हौशी आहेत. मानधनासाठी ते अडून बसणार नाहीत. साउंडवाल्याला बेस थेट मिक्सरला जोडायचा डीआय बॉक्स आणायला सांगा, आणि निवेदकाच्या कागदावर गायकांच्या नावांखाली वादकांचीही नावं लिहा.