एका दिवसात दोन ज्योतिर्लिंगे

आमच्या देवस्थानांच्या व समाजसंस्थांच्या यात्रापत्रकांत हल्ली एक कार्यक्रम हटकून आढळतो: पहाटे इंदूर सोडावयाचे, उज्जैन व ओंकारेश्वर करावयाचे आणि रात्री पुन्हा इंदूर गाठावयाचे. हा बेत आखणाऱ्यांनी अंतराचा हिशेब केला असेल, असे वाटत नाही. इंदूर ते उज्जैन सुमारे ५५ किलोमीटर, तेथून ओंकारेश्वर १४०, आणि परतीचे ८०. म्हणजे पावणेतीनशे किलोमीटरांचा प्रवास. सहा-सात तास मोटारीत आणि तितकेच रांगांत गेल्यावर महाकालेश्वराच्या वाट्याला काय उरते? गाभाऱ्याच्या दिशेने मान उंचावण्याचा एखादा क्षण, आणि मागून येणारा रेटा. याला दर्शन म्हणण्यापेक्षा हजेरी म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

वृद्धांना पुनःपुन्हा येणे घडत नाही, खर्चही झेपत नाही, म्हणून एकाच फेरीत दोन्ही क्षेत्रे साधावीत, असे संयोजक म्हणतात. अडचण खरी आहे. परंतु सत्तरीच्या यात्रेकरूला पहाटेपासून रात्रीपर्यंत मोटारीत कोंडून ठेवणे ही त्याची सोय कशी? ओंकारेश्वराला नर्मदेच्या बेटाची प्रदक्षिणा आहे. ते क्षेत्र स्वतंत्र दिवसाचे धनी आहे. एकच दिवस हाती असेल, तर एकच क्षेत्र करावे.

आमचा खरा आक्षेप याहून वेगळा आहे. उज्जैन हे आमच्या वाचकांना परके गाव नव्हे, आणि या धावपळीत नेमकी तीच गोष्ट हरवते. १२३४-३५ च्या सुमारास अल्तमशाच्या स्वारीत महाकालाचे मंदिर उद्ध्वस्त झाले. आज आपण ज्या मंदिरात जातो त्याची उभारणी अठराव्या शतकात, माळव्यात मराठ्यांचा अंमल बसल्यावर झाली. आणि ती करणारे होते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्र मल्हार सुखटणकर, ऊर्फ रामचंद्रबाबा शेणवी. हेच गृहस्थ श्रीमंगेशाचे निस्सीम भक्त. १७३९ साली पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानाला इनाम दिला, तो यांच्याच सांगण्यावरून. कुठ्ठाळीचे श्रीमंगेशाचे लिंग १५६० मध्ये पोर्तुगीजांच्या भयाने नदीपार प्रियोळला न्यावे लागले होते. ज्या समाजाच्या स्मरणात आपला देव रातोरात हलवल्याची कथा होती, त्यातील एका पुरुषाने क्षिप्रेच्या तीरी दुसऱ्याचे म्हणून नव्हे, तर आपलेच म्हणून एक भग्न देवालय पुन्हा उभे केले. मंगेशीहून निघालेल्या यात्रेत हे कोणी सांगत नाही, आणि ऐकावयास कोणाला उसंतही नसते!

हरसिद्धी मंदिरासमोर मराठा अमदानीतील दोन उंच दीपस्तंभ आहेत. गोव्यातील देवळांच्या अंगणात वाढलेल्या माणसाला ते पाहताच ओळख पटेल. पण त्यासाठी क्षणभर थांबावे लागते. बाजारातील गोपाळ मंदिर दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी बांधविले. १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला नेईपर्यंत शिंद्यांचे ठाणे येथेच होते. हे सारे महाकालापासून फार दूर नाही. तरी पत्रकांत त्याला जागा नाही. उलट २०२२ साली खुल्या झालेल्या 'महाकाल लोक'मधील पुतळ्यांपुढे छायाचित्रे काढण्यास मात्र तासभर राखून ठेवलेला असतो.

२०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे. गर्दी तेव्हा अनेकपट वाढेल, आणि यात्रा-समित्यांचे बेत आतापासूनच ठरू लागतील. त्यांनी ओंकारेश्वर त्या दिवसातून वगळावे. सकाळी क्षिप्रेवर रामघाट, मग महाकाल, दुपारच्या विसाव्यानंतर हरसिद्धी व गोपाळ मंदिर एवढेच ठेवावे. आणि पत्रकात महाकालाच्या नावाखाली रामचंद्रबाबांचे नाव एका ओळीत छापावे. त्या ओळीला जादा खर्च येणार नाही.