हिऱ्याचं पोट

या आठवड्यात मी जावयावर चिडले आहे. तो अजून जावई झालेला नाही, साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे. पण आमच्याकडे जावयावर चिडायला अक्षता पडण्याची वाट बघत नाहीत. मुलगा गुणी आहे, नोकरी बरी आहे, ताईच्या हातचं वरण दोनदा मागून घेतो. त्यानं फक्त एकच केलं. माझ्या भाचीच्या अंगठीचा हिरा निवडायला एक्सेलमध्ये तक्ता मांडला, आणि तिला आवडलेला खडा त्या तक्त्यात लाल झाला. कारण? खोली रुंदीच्या एकाहत्तर टक्के. ‘‘मावशी, त्याचं पोट फार आहे,’’ असं त्यानं मला समजावून सांगितलं. सांगताना त्याच्या स्वतःच्या शर्टाची शेवटून तिसरी गुंडी बरीच ताणात होती, पण पाहुण्याला असं बोलता येत नाही.

सुरुवात अर्थातच अमेरिकेत झाली. २०२५च्या ऑगस्टमध्ये टेलर स्विफ्टनं साखरपुडा जाहीर केला आणि तिच्या बोटातला जुन्या घाटाचा टपोरा हिरा घरोघरच्या मोबाइलवर जाऊन पोचला. ‘ओल्ड माइन’ कट म्हणतात त्याला. तोवर आमच्या भाचीला गोल सोलिटेअर चालणार होता. त्यानंतर तो ‘सगळ्यांच्या हातात असतो तसा’ झाला. आता तिला हवा उशीच्या आकाराचा, गोलसर कोपऱ्यांचा, जुना आणि खोल.

जुन्या खड्यांना पोट का असतं, ते एकदा सांगून टाकते. खाणीतून निघणारा हिरा पुष्कळदा दोन पिरॅमिड तळाशी जोडावेत तसा असतो. हिरा आडवा कापणारी यांत्रिक करवत आली ती विसाव्या शतकाच्या तोंडावर. त्याआधी कारागिराला वरचं टोक घासूनच सपाट करावं लागे, आणि जेवढं घासलं तेवढ्याची पूड. म्हणून तो हात राखून घाशी. माथा उंच राही, वरचा सपाट भाग लहान, पोट खोल. खालचं टोकही तो जरा सपाट करी, त्यामुळे असा खडा वरून निरखला की मधोमध बारीकशी गोल खिडकी दिसते. (ताईला ती हिऱ्याला पडलेलं भोक वाटली होती.) पुढे १९१९ मध्ये मार्सेल टोलकोव्स्कीनं गोल हिऱ्याचं गणित मांडलं, खोली साठ टक्क्यांच्या आसपास आली, आणि आज लोकांच्या तक्त्यांत जे आकडे असतात ते त्या गोल हिऱ्याच्या घराण्यातले. जीआयएसारखी मोठी प्रयोगशाळासुद्धा कटची श्रेणी देते ती फक्त गोल ब्रिलियंटला. कुशनच्या, म्हणजे उशीच्या आकाराच्या खड्याच्या, प्रमाणपत्रावर तशी श्रेणीच नसते. म्हणजे अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी जिथे गुण द्यायचं टाळलं, तिथे आमच्या जावयानं नापास करून टाकलं.

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही, हे मी इथे लिहिते, त्याच्यासमोर म्हणणार नाही. पैसे वजनाचे मोजायचे आणि वजन पोटात गेलं की ते दिसत नाही. सव्वा कॅरेटचा आजच्या घाटाचा गोल हिरा सात मिलिमीटरच्या जवळ भरतो. भाचीनं धरून ठेवलेला तेवढ्याच वजनाचा जुना खडा जेमतेम सव्वासहा. पाऊण मिलिमीटर गेला, एवढंच ना? नुसत्या डोळ्यांनी पाऊण मिलिमीटर ओळखणारी आमच्या नात्यात एकच बाई होती, आमची आत्या. ती आता नाही. बाकीच्यांना अंगठी दिसत नाही, ते थेट ‘‘केवढ्याची?’’ विचारतात.

मात्र खोली म्हटली की सगळी सारखी नव्हे. जुन्या खड्याचं पोट खोल असतं तसा माथाही उंच असतो. दोघांचं जमतं. हल्ली बाजारात काही कुशन असे येतात की माथा चपटा आणि सगळं वजन खाली कोंबलेलं, काट्यावर आकडा फुगावा म्हणून. अशा खड्याच्या मध्यभागी उजेड जातो तो परत येत नाही. तक्त्यात दोघांचे आकडे शेजारी शेजारी बसतात. डोळ्यांना फरक कळतो, पण त्यासाठी खडा दुकानातून बाहेर काढावा लागतो.

आणि इथे माझा नेहमीचा विषय आला. दुकानांतल्या दिव्यांशी माझं वैर आहे, हे या सदराच्या वाचकांना नवीन नाही. अंजिरी म्हणून घेतलेली साडी घरी येऊन विटकरी निघाली, त्यावर मी मागे लिहिलं होतं, आणि त्यावर आलेल्या पत्रांवरून महाराष्ट्रातल्या निम्म्या बायका विटकरी साड्या नेसून बसल्या आहेत असं दिसतं. सराफाच्या दुकानात तर छतातून इतके बारके दिवे रोखलेले असतात की त्याखाली खडीसाखरसुद्धा चमकेल. हिरे बाजारातली जुनी मंडळी उत्तरेच्या खिडकीशी बसून खडे बघत, तिकडून ऊन थेट येत नाही म्हणून. तोच व्यवहार सांभाळणारी दुकानं गिऱ्हाइकाला मात्र खिडकी दाखवत नाहीत.

मी खडे दारात न्यायला सांगितले. सराफकाका तयार होते, आमच्या वडिलांपासूनची ओळख. त्यांचा मुलगा म्हणाला, ‘‘आंटी, सिक्युरिटी इश्यू आहे.’’ मग सिक्युरिटीलाच बोलावलं. बंदूकवाला दारात आडवा उभा राहिला, अर्धं शटर खाली आलं, आणि काकांनी दोन चिमट्यांत दोन खडे धरून उजेडात केले. उजवीकडे नवा कुशन, डावीकडे जुना. आत दोघेही सारखेच झगमगत होते. दारात नव्याचा चुरचुर चमचमाट विझला आणि मधोमध राखाडी ढग दिसायला लागला. जुन्याचे पैलू मोठे, मोजता येतील असे. काकांनी मनगट जरासं कलतं केलं की एक पांढरा लखलखे, शेजारचा काळा पडे, आणि काठाशी मधूनच लाल ठिणगी सरके. रंगाला किंचित पिवळी झाक होती, जुन्या खड्यांना बऱ्याचदा असते. जावई मोबाइलवर प्रमाणपत्र वाचत होता. बंदूकवाल्यानं मात्र मान वळवून नीट पाहिलं आणि म्हणाला, ‘‘मॅडम, डावीकडचा घ्या.’’ त्या दुकानात मला पटेल असं बोलणारा तो पहिलाच माणूस.

डावीकडचाच घ्यायचं ठरतंय म्हटल्यावर सराफकाकांच्या मुलानं शेवटचा पत्ता टाकला. ‘‘घ्या, पण रिकट करून देतो. पोट काढून गोल करू. नव्यासारखा चमकेल.’’

माझा आवाज तेव्हा चढला असं भाचीचं म्हणणं आहे. चढला असेल. पोट काढून टाकायची ही हौस जुनी आहे. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनात कोहिनूर मांडला तेव्हा तो हवा तसा चमकेना. भोवती गॅसचे दिवे लावले तरी लोक हिरमुसून परत जात. (दुकानातल्या दिव्यांचा उगम इथे शोधावा.) मग दुसऱ्या वर्षी अ‍ॅमस्टरडॅमचे कारागीर बोलावले, वाफेचं यंत्र लावलं, आणि पहिला पैलू पाडायचा मान दिला ड्यूक ऑफ वेलिंग्टनला. असईला मराठ्यांशी लढला तोच. पैलू पाडायचा त्याचा अनुभव काय होता ते देव जाणे. १८६ कॅरेटचा हिरा १०५ वर आला. त्याच सप्टेंबरात वेलिंग्टन वारला. ताई त्याचा संबंध लावते, मी लावत नाही. आणि आपला नाशिकचा हिरा? त्र्यंबकेश्वरच्या शंकराचा म्हणून सांगतात तो. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि तो इंग्रजांच्या हाती पडला. लंडनच्या जवाहिऱ्यांनी तो घासला, पुढे १९४०च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टननं पुन्हा घासवला. नव्वदच्या आसपासचा हिरा ४३.३८ कॅरेटचा उरला. देवाचा हिरा अर्धा पुडीत गेला, चमक वाढली म्हणून टाळ्या. हे सगळं मी दुकानात सांगितलं. सराफकाकांनी चहा मागवला. मुलगा वरच्या मजल्यावर निघून गेला.

शेवटी काकांनीच तोड काढली. खडा जांगड न्या म्हणाले. ही सोय अजून कुणी देतं हेच मला ठाऊक नव्हतं. माल घरी न्यायचा, पटला तर पैसे, नाही तर परत, आणि मधे फक्त एक चिठ्ठी आणि ओळख. कागदाच्या पुडीतला तो खडा ताईनं पर्समधून, पर्स पदराखालून आणि पदर हातानं घट्ट धरून घरी आणला. रिक्षावाल्यालासुद्धा कळलं असणार.

घरी आल्यापासून ज्यानं त्यानं तो बोटांत धरून पाहिला आणि दोन दिवसांत खडा मंद झाला. हिऱ्याला तेलकटपणा भारी चिकटतो. खाणीत खडीतून हिरे वेगळे काढायला ग्रीस लावलेली टेबलं वापरत, ती याच खोडीमुळे. आमच्या घरी तर ऐन शेंगदाण्याच्या चटणीचा दिवस होता. काकांनी फोनवर कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण सांगितला. ताईनं तो चहाच्या गाळणीत, खाली वाटी, वाटीखाली परात आणि सिंकच्या जाळीत फडक्याचा बोळा कोंबून धुतला. तेवढा वेळ घरात कुणी बोललं नाही. संध्याकाळी समईच्या उजेडात मात्र त्यानं निळे-तांबडे असे रंग फेकले की भाची मोबाइल घ्यायला धावली आणि ते फोटोत आलेच नाहीत.

आता प्रश्न वेगळाच आहे. हिरा लाभावा लागतो, यावर ताईची गाढ श्रद्धा आहे. तो घरात असताना चांगलं घडलं तर ठेवायचा, वाईट घडलं तर मुकाट्यानं परत. जांगडीमागचा तिचा खरा हेतू हाच होता. भाचीला बढतीचं पत्र आलं, ते हिऱ्याच्या खात्यात जमा झालं. त्याच रात्री गिझर बंद पडला. मी म्हटलं, गिझर बारा वर्षांचा आहे. ताई म्हणाली, बारा वर्षं चालला ना, मग आजच कसा गेला? तेवढ्यात मुलाच्या आईचा फोन. प्रयोगशाळेत तयार केलेला हिरा याच्या दुप्पट मोठा आणि बराच स्वस्त मिळतो, तोही हल्ली अगदी याच जुन्या घाटात, असं त्या फार गोड आवाजात सांगत होत्या. हा फोन चांगल्यात धरायचा की वाईटात, यावर घरात दोन तट पडले आहेत.

काल सराफकाकांनी विचारलं, कोल्हापूरचं एक गिऱ्हाईक हाच खडा बघू म्हणतंय, तुमचं काय ठरलं? ताईनं सांगितलं, शनिवार जाऊ द्या. शिवाय गिझरचा माणूस अजून आलेला नाही, आणि गिझर कशानं बिघडला ते कळल्याशिवाय हिऱ्याचं काहीच सांगता येणार नाही.