रंगाची काटकसर

हौशी नाट्यसंस्थांच्या जमाखर्चात रंगभूषेची बाब आली की चिटणिसांची मुद्रा म्लान होते, आणि मग बाजारातील कोणताही स्वस्त रंग नटांच्या तोंडास फासण्यात येतो. या काटकसरीचा आम्ही स्पष्ट निषेध करितो. मुरदाडशिंग व हिंगूळ ही जुन्या रंगपेटीतली द्रव्ये. पैकी पहिले शिशाचे संयुग, दुसरे पाऱ्याचे. लोकांची मुले हौसेने रंगभूमीवर येतात, ती कातडी पणास लावण्यासाठी नव्हे!

१८४३ साली 'सीतास्वयंवर' झाले तेव्हा विजेचे दिवे नव्हते. मंद उजेडात जाड लेप अवश्यच होता. आजच्या प्रखर प्रकाशात तोच लेप मुखवटा होऊन बसतो. तेव्हा काटकसर करावयाची ती रंगाच्या प्रतीत नव्हे, प्रमाणात करावी. तरुणास वृद्ध करावयाचे तर कानशिलांवर धुऊन जाणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हलका हात व डोळ्यांखाली एक पुसट तपकिरी रेघ पुरे. एका रात्रीच्या तारुण्यासाठी केसांस कलप लावणे हा तर शुद्ध अविचार होय. पुष्कळ कलपांतील पॅराफिनिलीनडायमीन कित्येकांस सोसत नाही. वय हे नटाने पाठीच्या कण्यात व पावलांत दाखवावे. ते डबीत विकत मिळत नाही.