तव्यावरची मिश्री

गेल्या महिन्यात साताऱ्याहून माझ्या चुलतसासूबाई राहायला आल्या होत्या. माणूस मोठा प्रेमळ, पण दोन-चार दिवसांनी तवा मागायच्या. तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची नि डबीत भरायची. घरभर ठसका! मी खिडक्या उघडायची नि गप्प बसायची. एका दुपारी मात्र शाळेतून येऊन पाहते तो काय, आमची नऊ वर्षांची धाकटी दाढ दुखते म्हणून मिश्रीचं बोट तोंडात घालून बसलेली!

“अगं, भाजलेली आहे. त्यातलं विष केव्हाच जळून गेलं,” काकू म्हणाल्या.

ही समजूत तुमच्याही घरात असेल. पण खरा प्रकार नेमका उलटा आहे. तंबाखूचं पान वाळवताना नि मुरवतानाच त्यात निकोटीनपासून नायट्रोसामाइन नावाची घातक द्रव्यं तयार होतात. म्हणजे काडी न लावताही ते पान निर्धोक नाहीच. त्यात ते तव्यावर अर्धवट जळलं, की बेन्झोपायरीनसारखी आणखी विषं होतात. सिगारेटच्या धुरात असतात ना, तीच. शरीर ती बाहेर टाकायला त्यांचं रूप बदलतं, आणि त्या बदललेल्या रूपातच ती पेशीतल्या डीएनएला चिकटतात. स्वेटर विणताना एक टाका चुकला नि तसंच पुढं विणत गेलं तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. पेशीतल्या अशा चुका साठत गेल्या की कर्करोग.

एखाद्या पदार्थानं जनुकं बिघडतात का, हे जंतूंवर पाहण्याची चाचणी अमेरिकेत ब्रूस एम्स यांनी १९७०च्या दशकात काढली. सिगारेटच्या धुराचा चिकटा तिच्यात दोषी ठरला. पुढं १९८७ साली मुंबईच्या शास्त्रज्ञांनी मिश्री तपासली, तपकिरी नि काळी दोन्ही. दोन्ही दोषी! तेव्हा “जरा कमी भाजते” हा काही उपाय नव्हे.

घरात कुणी गरोदर असेल तर जास्तच जपा. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांची पाहणी झाली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. मिश्री लावणाऱ्या किंवा तंबाखू खाणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली.

धाकटीला खळखळून चुळा भरायला लावल्या नि संध्याकाळीच दातांच्या डॉक्टरांकडं नेलं. दाढ किडली होती, भरून घेतली. दाढदुखीला मिश्री लावून कीड मरत नाही. बधिर वाटतं तेवढंच, आणि पोरीला चटक लागते ती वेगळीच.

काकूंशी बोलणं अवघड गेलं. चाळीस वर्षांची सवय, शिवाय नात्यानं मोठ्या. “अहो काकू, तुम्ही सोडाच असं मी म्हणत नाही, पण पोरीच्या हाती देऊ नका,” म्हटलं, तर दोन दिवस अबोला. खरं तर सोडाच म्हणायला हवं होतं. सोडू पाहणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा सरकारचा फुकट फोन आहे. तो नंबर मी त्यांच्या वहीत लिहून दिला.

तवा घासून माळ्यावर ठेवलाय. जाताना काकूंनी तो मागितला नाही. डबी मात्र पिशवीत होती.