ई-क्लासला 'पडीक' म्हणणाऱ्यांनो, वावरात खत कुठून आणता?



रोहिण्या लागल्या. पेजवर रोज विचारणा सुरू आहे: कोणतं वाण, किती बॅगा, पहिला डोस कधी. त्याची उत्तरं देईनच. पण मागच्या आठवड्यात एका पोस्टखाली कुणीतरी लिहिलं, "गावाची ई-क्लास नुसती पडीक पडून आहे. वाटून टाका, नाहीतर एखाद्या प्रोजेक्टला द्या, गावाचा विकास होईल." त्याला लाईकवर लाईक. आणि लाईक देणारे बहुतेक आपले शेतकरीच. म्हणून आज हे लांबडं लिहितो.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बाकी महाराष्ट्र जिला गायरान म्हणतो ती आमच्याकडे ई-क्लास. सरकारी मालकीची, गावाच्या ढोरांसाठी राखलेली जमीन.

माझं म्हणणं सरळ आहे. माझं वावर सात एकर. पण ते सात एकर ज्याच्या जिवावर पिकतं, तो तुकडा माझ्या सातबाऱ्यावर नाही, तो ई-क्लासमध्ये आहे. तुमचंही तसंच आहे. ती जमीन गेली की 'जमीन सुधारणा' म्हणजे कृषी केंद्रातून पिशवी आणणं, एवढंच उरतं.

हिशेब मांडतो. खोटा वाटला तर खाली लिहा.

कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ५ टन तरी शेणखत द्या, असं शिफारशीत छापलेलं असतं. माझे सात एकर म्हणजे २.८ हेक्टर, म्हणजे वर्षाला १४ टन. एक मोठं जनावर दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण टाकतं. ते कुजून निम्मं होतं. एक बैलजोडी आणि दोन गाई धरल्या, तर सगळं शेण गोळा करूनही वर्षाला सात-आठ टन खत. म्हणजे शिफारशीच्या निम्मं. आता या चार जनावरांना खायला काय? देशी जनावर म्हटलं तरी रोज सहा-सात किलो वाळला चारा लागतो. चौघांचे वर्षाला नऊ-दहा टन. सोयाबीनचं कुटार, तुरीचं कुटार, धुऱ्यावरचं गवत, सगळं धरून माझ्या वावरातून याच्या निम्मंही निघत नाही. ज्वारी होती तेव्हा कडबा होता. ज्वारी गेली, सोयाबीन आलं, कडबा गेला.

आणि खरी अडचण पावसाळ्यातली. जून ते नोव्हेंबर सगळ्या शिवारात पीक उभं असतं. ढोराला पाय ठेवायला जागा नाही. हे सहा महिने गावाची ढोरं कुठं जातात? सकाळी आखरावर जमतात आणि ढोरकी त्यांना ई-क्लासवर नेतो. ती जागा नसेल तर पोळ्याआधीच निम्मी दावणी रिकामी होते. तेच होत आहे. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गोवंश १ कोटी ५५ लाखांच्या जवळ होता. २०१९ मध्ये तो १ कोटी ४० लाखांवर आला. कारणं अनेक आहेत, ट्रॅक्टर आहे, २०१५ चा कायदा आहे, मजुरी आहे. पण आमच्या आखरावर ज्याला विचाराल तो पहिलं कारण चाऱ्याचंच सांगतो.

इथं हुशार मंडळी म्हणतात, "काहून एवढी कटकट? युरियाची ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशांना मिळते."

बरोबर आहे, मिळते. त्या बॅगेत साधारण २० किलो नत्र आहे. तेवढंच नत्र शेणखतातून द्यायचं तर चार टन खत लागेल. नुसत्या नत्राचा हिशेब केला तर युरिया जिंकतो, हे मी मान्य करतो. पण मागच्या दहा वर्षांत तुमची कपाशी नत्राअभावी किती वेळा वाळली आणि पावसाच्या खंडानं किती वेळा वाळली, ते आठवा. यवतमाळात पाऊस वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, कमी नाही. तो पडतो चार धुवाधार दिवसांत आणि मग वीस दिवस दडी मारतो. त्या वीस दिवसांत ओल धरून ठेवायचं काम जमिनीतला कुजलेला पाला-शेण करतो. युरिया ते करत नाही. बरड, मुरमाड जमिनीत तर नाहीच नाही. चार टन शेणखतात नत्राबरोबर पालाश येतो, स्फुरद येतो, सूक्ष्म द्रव्यं येतात आणि गांडूळही येतात. त्याची किंमत बॅगेवर छापलेली नसते, म्हणून ते फुकट वाटतं.

दुसरा आक्षेप ट्रॅक्टरचा. नांगरटी ट्रॅक्टर करतो, कबूल. पण उभ्या पिकात डवरणीला? जोडी मिळत नाही म्हणून आपण डवरा सोडला आणि पाठीवर पंप घेऊन तणनाशक सुरू केलं. मग धुऱ्यावरही तेच मारलं, कारण पंपात उरलं होतं. धुऱ्याचं गवत गेलं, माती नाल्यात गेली, आणि राहिलेल्या बैलाच्या तोंडचा घासही गेला. गवत गेलं की बैल जातो, बैल गेला की डवरा जातो, डवरा गेला की फवारा येतो. ही साखळी ई-क्लासपासून सुरू होते.

आता कायद्याचं. कुणी म्हणेल ही सरकारी जमीन, सरकार काहीही करेल. तसं नाही. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २२ प्रमाणे ढोरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. याच संहितेत निस्तार पत्रकाचं प्रकरण खास विदर्भासाठी आहे. गावच्या मोकळ्या जमिनीवर कोणाचा चराईचा, लाकूडफाट्याचा काय हक्क, ते त्यात लिहिलेलं असतं. आपल्यातल्या किती जणांनी आपल्या गावाचं निस्तार पत्रक पाहिलं आहे? २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं. त्यावर आपल्या सरकारनं १२ जुलै २०११ ला निर्णय काढला. कागद भरपूर आहेत. गवत तेवढं नाही.

अतिक्रमणावर बोललो की लगेच बोट दाखवलं जातं ते बेड्याकडे, वस्तीकडे, भूमिहीनाच्या दोन एकरांकडे. हा डाव ओळखा. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. ज्यांच्याकडे वीतभर जमीन नव्हती, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या तुकड्यावर माझं काहीही म्हणणं नाही. त्यांचा पट्टा व्हायला पाहिजे. माझा सवाल त्यांना आहे ज्यांच्या सातबाऱ्यावर वीस एकर आहेत आणि तरी दरवर्षी नांगराचं एक तास ई-क्लासमध्ये सरकतं. गरिबाचे दोन एकर दाखवायचे आणि त्याआड स्वतःचे चार लपवायचे, हा खेळ गावोगावी आहे. तलाठ्याकडे गाव नमुना १-ई असतो. ती अतिक्रमणांची नोंदवही. मागा, वाचा. ई-क्लास किती उरली ते १-ई वाचल्याशिवाय कळणार नाही.

मग मुरूम. रस्त्याला मुरूम पाहिजे, खणा ई-क्लास. वर पाच-सहा इंच मातीचा थर असतो, त्यातच गवताच्या मुळ्या. तो खरवडून नेला की तिथं पुढची कैक वर्षं गवत येत नाही. आणि आता सौर पॅनल. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी आणि गायरान जमिनी घेतल्या जातात. दिवसा वीज मलाही पाहिजे. रात्री बारा वाजता साप-विंचवात मोटर लावायची हौस कोणाला नाही. पण जागा निवडताना 'ही पडीक आहे' असं लिहून मोकळं होऊ नका. त्या जागेवर किती ढोरं चरतात ते मोजा, ग्रामसभेत विचारा, आणि चराईला तेवढी दुसरी जागा आधी द्या. नंतर नाही.

खरं तर या जमिनीला पडीक म्हणणंच चूक, ती पाडलेली आहे. हे मी मान्य करतो की आज बऱ्याच गावांची ई-क्लास पाहण्यासारखी नाही. गाजर गवत, तरोटा, रायमुनिया. ढोर तोंड लावत नाही तेच माजतं, कारण खाण्यालायक गवताला बी धरायला कोणी वेळच देत नाही. पहिला पाऊस पडून कोंब दोन इंच वर आला की ढोरं सुटतात. मार्च-एप्रिलमध्ये कोणीतरी काडी लावतं. या दोन गोष्टी थांबल्या तरी अर्धं काम होतं.

राहिलेलं अर्धं काम असं. ई-क्लासचे चार भाग पाडा. दरवर्षी एक भाग जून ते ऑक्टोबर पूर्ण बंद. मारवेल, पवन्या, कुसळी यांचं बी तिथं पडू द्या. दिवाळीनंतर तिथलं गवत विळ्यानं कापून न्यायचं. पुढच्या वर्षी तो भाग मोकळा आणि दुसरा बंद. गाजर गवत फुलायच्या आत उपटायचं. उतारावर समतल चर, चराच्या मातीवर स्टायलो आणि मारवेल. राहुरीच्या विद्यापीठानं मारवेलचे वाणही काढले आहेत. हे रोजगार हमीच्या कामात बसवता येतं, त्यासाठी ग्रामसभेचा ठराव करा.

हे स्वप्नरंजन नाही. नगर जिल्ह्यात हिवरे बाजारनं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, डोंगरावर गवत आलं आणि त्या गवतावर गावात दूध आलं. ते लांबचं वाटत असेल तर जवळच्या अकोला जिल्ह्यात बघा. बार्शीटाकळी तालुक्यातल्या वडाळ्याला फासेपारधी मंडळींनी गवताळ माळ राखला. ज्यांना गावानं कधी गावात धरलं नाही, त्यांनी गावाचं गवत वाचवलं. आणि आपल्याच यवतमाळचे सुभाष शर्मा, २०२५ ला पद्मश्री मिळाली म्हणून आपण सगळ्यांनी फोटो टाकले. ते वर्षानुवर्षं गाय, झाड, पक्षी आणि माती हेच सांगत आले आहेत. फोटो टाकायचा आणि गाईच्या चाऱ्याची जमीन प्रोजेक्टला द्या म्हणायचं, हे एका तोंडानं कसं जमतं?

आणखी एक सांगतो, कारण याची किंमत नुसत्या खतात मोजून भागत नाही. २०१८ साली राळेगाव-पांढरकवडा भागात टी-१ वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. २ नोव्हेंबरला तिला गोळी घातली. मेलेल्यांत ढोरं चारायला गेलेली माणसंही होती. आजही गावाजवळ चराई उरली नाही की ढोरकी ढोरं घेऊन जंगलाच्या आत सरकतो. हौसेनं कोणी जात नाही.

तर काम एवढंच. तलाठ्याकडून नमुना १-ई आणि निस्तार पत्रकाची नक्कल काढा. पुढची ग्रामसभा १५ ऑगस्टला आहे. त्यात दोन ठराव मांडा: एक भाग चराईबंद, आणि ढोरांची मोजणी केल्याशिवाय ई-क्लासची एक गुंठाही कोणाला नाही. पेरणीच्या घाईत नक्कल काढायची राहून जाईल, म्हणून मृगाच्या आधीच जाऊन या. तुमच्या गावाची ई-क्लास कागदावर किती एकर आणि जाग्यावर किती, ते खाली लिहा. तालुका लिहा, गाव लिहायचं नसेल तर नका लिहू.

आणि पहिल्या डोसचं उद्या सांगतो.